दत्तूभाऊंनी उलटा पाहिलेला चेहरा

दत्तूभाऊंचा मुलगा सकाळी सायकल घेऊन दारात उभा राहिला तेव्हा माझे हात पिठात होते. ‘मावशी, बाबा गेले,’ तो म्हणाला. अशा वेळी माणूस रडतं, निदान मटकन खाली बसतं. मी ओरडले. ‘असे कसे गेले? अजून दहा दिवस बाकी आहे ना!’ पोरगा बिचारा माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. कशाचे दहा दिवस ते त्याला माहीत नव्हतं, त्याच्या आईलाही नव्हतं. दत्तूभाऊंना आणि मला, दोघांनाच माहीत होतं. दहा दिवसांनी पारशिवनीच्या पुढे एका गावात एका मुलीचं लग्न होतं, आणि त्याआधी दत्तूभाऊ स्वतः जाऊन तिला तिच्या मेलेल्या आईचा खरा फोटो देणार होते. कारण तिच्या घरात, देवघराशेजारच्या भिंतीवर, एकोणीस वर्षं आई म्हणून जिला हार घालतात ती तिची आई नाही. ती मी आहे.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं लिहावं, हे मला कळतं. दत्तूभाऊ चांगले होतेच, त्याबद्दल वाद नाही. पण नुसतं चांगलं लिहून ठेवलं तर त्यांनी एकोणीस वर्षं जे ओढलं ते कोणालाच कळणार नाही. शिवाय मला त्यांचा रागही आहे, आणि तो लपवायचं माझं वय राहिलेलं नाही.

आमचा, म्हणजे दत्तूभाऊंचा, स्टुडिओ गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या वरच्या मजल्यावर होता. खाली दिवसभर गठाणी उतरायच्या, हमालांची ओरड चालायची, आणि वर जिना चढून आलं की फोटो धुवायच्या हायपोचा आंबूस वास. मी तिथं रिटचर होते, काचेवरचे चेहरे पेन्सिलीनं आणि ब्लेडनं दुरुस्त करणारी. आमचं बौद्ध दीक्षा घेतलेलं घर, बाप गिरणीत. शाळेत माझी चित्रकला बरी होती म्हणून ड्रॉइंगच्या गुरुजींनी मला नेऊन दत्तूभाऊंसमोर उभं केलं. त्यांनी आडनाव विचारलं नाही, इयत्ता विचारली नाही. हातात पेन्सिल दिली. ‘टोक काढून दाखव,’ म्हणाले. मी काढलं. ‘हे टोक आहे का खुंटा? सुईवानी पाहिजे, सुईवानी!’ तीन दिवस मी नुसती टोकं काढली. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे काचेची एक प्लेट ठेवली, उजेडासमोर तिरपी. तिच्यात एका शेठचा चेहरा होता, काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा झालेला. त्याच्या गालावरचे देवीचे व्रण भरायचे होते. एकेक खड्डा, एकेक ठिपका. पेन्सिल जास्त लागली तर कागदावर तिथं पांढरा डाग उठतो, आणि ब्लेडनं जास्त खरवडलं तर काळा. दिवसभरात मी अर्धा गाल केला. दत्तूभाऊंनी भिंग लावून पाहिलं. ‘उद्या दुसरा गाल कर,’ एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणालाच मिळाली नाही, हे मला पुढे कळलं.

त्यांचा कॅमेरा सागवानी, लाकडी, तिपाईवर उभा राहणारा. मागं भुरकट काच, तिच्यावर समोरचं सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. दत्तूभाऊ काळ्या कापडात शिरले की बाहेर फक्त त्यांचे धोतराचे पाय दिसायचे, आणि आतून आवाज यायचा, ‘हनुवटी खाली घ्या... अजून... श्वास धरा.’ मग लेन्सची टोपी काढून ‘एक, दोन’ आणि टोपी परत. ते म्हणायचे, माणूस सरळ दिसला की आपण त्याच्या कपड्याकडं पाहतो, उलटा दिसला की त्याचा चेहराच पाहावा लागतो. नवरीच्या फोटोतला तीळ मी एकदा काढून टाकला तर म्हणाले, ‘ठेव वं तो! नवरदेव म्हणन, माझी बायको बदलून देली.’ तेव्हा हसलो होतो आम्ही.

आता त्या काळची एक रीत सांगायला हवी, कारण आजच्या रंगीत फोटोवाल्यांना ती माहीत नाही. खेड्यात बायामाणसांचा जिवंतपणी फोटो निघत नसे. मेल्यावर आठवण यायची. मग बैलगाडीनं, एसटीनं, मिळेल तसा माणूस नागपूरला यायचा, आणि फोटोग्राफरला घेऊन जायचा. प्रेत भिंतीला टेकवून बसवत, पदर डोक्यावरून घेत, मागून कोणीतरी चादरीआडून मान धरायचं. फोटो निघाला की मग अंत्यविधी. आणि ती प्लेट माझ्याकडे यायची, डोळे उघडायला. हो, हे काम होतं माझं. मिटलेल्या पापण्यांवर पेन्सिलनं पांढरा भाग भरायचा, ब्लेडच्या टोकानं बाहुली खरवडायची. घरचे लोक फोटो न्यायला यायचे तेव्हा काहीजण म्हणायचे, ‘डोळे थोडे वेगळेच वाटते बाई,’ आणि दुसरे म्हणायचे, ‘अगा, डोळे तर या बाईच्या हातचे आहे. फरक पडनच.’ फरक पडणारच, हे सगळ्यांनी मानलेलं होतं. पुढं जे झालं ते याच मानण्याच्या आधारानं झालं.

त्या दिवशी सकाळी दत्तूभाऊ महाल भागात एका लग्नाचे फोटो काढून आले. आमच्याकडे प्लेट ठेवायचे लाकडी होल्डर असायचे, एकात दोन प्लेटा, दोन्ही बाजूंनी सरकणारी झाकणं. झाकणाची पांढरी पट्टी बाहेर म्हणजे आतली प्लेट कोरी. काळी पट्टी बाहेर म्हणजे फोटो निघालेला. शाळकरी पोरालाही समजेल इतकं सोपं. होल्डर झटकून, ब्रशनं धूळ काढून ठेवायचं काम माझं. मी डार्करूमच्या अंधारात लग्नाचा होल्डर घेतला, झाकणं थोडी ओढून ब्रश फिरवला, तेवढ्यात बाहेर जिन्यावर पावलं वाजली, कोणी तरी रडक्या आवाजात ‘फोटोवाले भाऊ’ म्हणून हाक मारत होतं. मी घाईनं झाकणं लावली. रोजची सवय... पांढरी पट्टी बाहेर. आणि होल्डर कोऱ्या होल्डरांच्या वर ठेवून दिला.

आलेला माणूस पारशिवनीकडचा होता. त्याची सून बाळंत झाल्यावर अठराव्या दिवशी गेली होती. वय वीस. दत्तूभाऊंनी पिशवी भरली, वरचाच होल्डर उचलला आणि त्याच्याबरोबर निघाले. तिथं त्यांनी अंगणात फोटो काढले, दोन. प्रेताला जास्त वेळ बसवून ठेवणं त्यांना सहन होत नसे, म्हणून त्यांनी दुसरा होल्डर उघडलाही नाही.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली त्यांनी प्लेट डेव्हलपरमध्ये टाकली, मी बाजूला उभी. आधी काळं काळं उमटलं. मग त्यात मांडवाचे खांब दिसू लागले. दत्तूभाऊ ट्रेवर वाकले. ट्रे हलवत राहिले. वरातीची माणसं उमटली, नवरीचा शालू उमटला, आणि त्या सगळ्यांच्या आतून, त्यांच्या छातीतून, पोटातून, भिंतीला टेकवून बसवलेली ती मेलेली बाई उमटली. एकाच काचेवर दोन फोटो. पहिल्या प्लेटमध्ये तिचं तोंड मांडवाच्या पांढऱ्या कापडाखाली पुरतं बुडालं होतं. दुसऱ्या प्लेटमध्ये अर्धं तोंड नवरदेवाच्या काळ्या कोटावर पडलं होतं, तेवढंच वाचलं. कपाळ, एक मिटलेला डोळा, एक कान. ‘भाऊ, पट्टी मी...’ एवढंच बोलले असेन. ते माझ्याकडं न पाहता म्हणाले, ‘चूप. होल्डर माझ्या हातात होता. मी पाह्याले पाहिजे होतं.’ त्यानंतर एकोणीस वर्षांत त्यांनी त्या चुकीचं नाव माझ्यापुढे काढलं नाही. बायकोपुढे नाही, कोणापुढे नाही. त्यांनी दोन शब्द तरी सुनावले असते, तर मी भांडून मोकळी झाले असते.

मी ती अर्धी वाचलेली प्लेट चार दिवस डेस्कवर घेऊन बसले. खरवडलं असतं तर नवरीबरोबर तीही गेली असती. जे प्लेटवर नाही ते पेन्सिलीनं आणता येत नाही. नवव्या दिवशी तिचा नवरा आला. बावीसेक वर्षांचा, डोळे सुजलेले. जिन्यातच बसला आणि म्हणाला, ‘भाऊ, फोटो बरा आला नं? आमच्या घरी पोरगी आहे. तिले माय दाखवाले दुसरं काहीच नाही.’ दत्तूभाऊंनी खरं सांगायला तोंड उघडलं, मी पाहिलं ते. आणि मग तेच तोंड म्हणालं, ‘चार दिवसांनी या. डोळ्याचं काम बाकी आहे.’

तो गेल्यावर त्यांनी कॅमेरा लावला आणि मला म्हणाले, ‘कमल, बस.’ मी काय ते समजले. नाही म्हणायला हवं होतं. पण चूक माझी होती आणि त्यांनी ती स्वतःवर घेतली होती, तेव्हा मी नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? मी जुनं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसले, पदर कपाळापर्यंत ओढला. ते काळ्या कापडात शिरले आणि खूप वेळ बाहेरच आले नाहीत. मग आतूनच बोलू लागले. ‘मान डावीकडं... तिची एवढी नव्हती वाकली.’ नंतर मी माझ्याच प्लेटवर रिटचिंग केलं आणि ते मागं उभे राहून सांगत राहिले. गाल कमी कर. नाक एवढं टोकदार नव्हतं. ओठावरचा तीळ काढ. मी पेन्सिल टाकली आणि विचारलं, ‘तुमाले एवढं आठवते?’ तर म्हणाले, ‘काचेवर पाह्यलं ना. उलटं आठवते.’ आणि खरंच मान खाली घालून, डोकं वाकडं करून ते आठवत होते. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं.

नवऱ्यानं फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. ‘डोळे असे नव्हते तिचे,’ म्हणाला. दत्तूभाऊ खाली पाहत होते. बरोबरची म्हातारी म्हणाली, ‘मेल्यावर माणूस बदलतेच बाप्पा. अन् डोळे तर यायच्या हातचे.’ झालं. फोटो कपड्यात गुंडाळून ते गेले. मी घरी जाऊन जेवले नाही. त्या गावात आमच्या लोकांना तेव्हा विहिरीवर चढू देत नसत, आणि त्यांच्या देवघराशेजारी माझ्या कपाळाला कुंकू लागणार होतं. कधी फुटलं तर स्टुडिओ जाळतील, ही भीती मला कित्येक वर्षं होती. त्याहून वाईट म्हणजे मधूनमधून मला त्याचं बरंही वाटायचं, ते मी आज कबूल करते. पण मग ती पोरगी आठवायची. ती माझ्याकडे पाहून ‘माय’ म्हणत असेल, आणि तिच्या मायचं तोंड आमच्या फडताळात पडलेलं.

दत्तूभाऊंनी मेलेल्या माणसाचा फोटो पुन्हा काढला नाही. लोक जिन्यात येऊन पाया पडायचे, ते नाही म्हणायचे. होल्डर तीनतीनदा तपासायचे, बाहेर निघाले की रस्त्यात थांबून पुन्हा तपासायचे. त्यांच्या हसण्याबोलण्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही, ते हळूहळू बंद झालं एवढंच. आणि दर थोड्या दिवसांनी, काम नसलं की, ते ती प्लेट काढायचे. काळ्या कागदाचे तुकडे कातरून नवरदेव झाकायचे, मांडव झाकायचा, आणि फक्त तिचं तोंड छापायचा प्रयत्न करायचे. पाण्याच्या ट्रेमध्ये मला ते ओले कागद सापडायचे. कपाळ, डोळा, कान. मी चिडायचे. ‘काहून छळून राहिले स्वतःले?’ तर म्हणायचे, ‘आज थोडी जास्त आली वं. भुवई आली पूर्ण.’

मग रंगीत आलं. चौकाचौकात लॅब झाल्या, लोक तासाभरात फोटो घेऊन जाऊ लागले, आणि आमच्या जिन्यावर पावलं वाजेनाशी झाली. दत्तूभाऊंना दम्यानं धरलं. तरी ते रोज येऊन बसायचे. अशातच, ते जायच्या महिनाभर आधी, एक माणूस आणि एक मुलगी जिना चढून आले. मी त्याला ओळखलं नाही, फोटो ओळखला. कागद पिवळा पडला होता, चेहरा उडत चालला होता. मुलगी म्हणाली, ‘माह्यं लग्न आहे. मायचा फोटो मले सासरी नेवाचा आहे. याचीच नवीन कॉपी पाहिजे.’ तिची भुवई मी पाहिली. ती भुवई मी ट्रेमध्ये पन्नास वेळा पाहिली होती. जाताना ती वळून मला म्हणाली, ‘बाई, तुमाले मी कुठंतरी पाह्यलं.’ मी म्हटलं, ‘बाजारात पाह्यलं असन.’

ती दोघं गेल्यावर दत्तूभाऊ खुर्चीत सरळ झाले. ‘कमल, आता नाही. या खेपेले तिले तिची माय देऊ.’ मी उसळलेच. ‘कायची माय? एक कपाळ अन् एक कान? लग्नाच्या तोंडावर पोरीले हे सांगान तुमी?’ त्यांना धाप लागली होती, तरी बोलले. ‘तेवढी तर तेवढी. मी सांगतो. तुह्यं नाव नाही घेत.’ आमचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले तर ते डार्करूममध्ये होते, खोकत होते, आणि कागद कातरत होते. आणि मग दहा दिवस बाकी ठेवून ते गेले. म्हणून मी ओरडले त्या सकाळी. बोलायचं त्यांनी कबूल केलं होतं. आता मी बोलायचं होतं.

तेराव्यानंतर त्यांच्या बायकोनं डार्करूमची किल्ली माझ्या हातात दिली. काचेवर एक प्रिंट वाळून कडक झाला होता. इतका चांगला त्यांच्या हातून कधी निघाला नव्हता. भुवई, पापणीची कड, कानातलं, कानाशी सुटलेले केस. पण तोपर्यंत लग्न होऊन गेलं असतं ना, असं कोणी म्हणेल. नाही. इतक्यात त्या मुलीच्या भावकीत कोणी वारलं आणि लग्न पंधरा दिवस पुढे गेलं होतं, तसा निरोपही आला होता. म्हणजे देवानं म्हणा, कोणीही म्हणा, मला पळवाट ठेवली नव्हती. मी दोन पाकिटं केली. एकात मुलीला हवी होती ती कॉपी, माझ्या चेहऱ्याची. दुसऱ्यात हा प्रिंट. आणि पारशिवनीची एसटी पकडली.

अंगणात मांडवाचे खांब रोवलेले होते. मुलगी बायकांबरोबर आत होती. बापानं मला खाटेवर बसवलं, आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग चहा आला तो कान तुटलेल्या कपात, बाकीच्यांचे कप वेगळे. समोरच्या दारातून भिंत दिसत होती आणि भिंतीवर हार घातलेली मी दिसत होते. त्या क्षणी मला वाटलं, आत्ताच सगळ्यांसमोर ओरडून सांगावं. पण पोरीसाठी आले होते. मी चहा प्यायले, बापाला बाजूला बोलावलं आणि आधी खरा प्रिंट त्याच्या हातात दिला. म्हटलं, आधी त्याला पाहू दे. मग सांगते सगळं.

त्यानं तो उन्हात धरला. डोळ्याजवळ नेला. लांब धरला. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यानं मान वर केली आणि साध्या आवाजात विचारलं, ‘ही कोण वं बाई?’

‘नीट पाहा ना भाऊ,’ मी म्हटलं.

‘पाह्यलं ना. आमच्यातली नाही ही.’ त्यानं प्रिंट माझ्या हातात परत दिला आणि भिंतीकडे बोट केलं. ‘आमची ते आहे. रोज पाहतो मी तिले.’

दीड वर्षाचा संसार, तोही घरात सासू-सासरे, उजेडात बायकोकडं पाहायची सोय नाही, आणि त्यानंतर एकोणीस वर्षं रोज माझं तोंड. त्याच्या जागी मीही विसरले असते. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, ‘चुकून दुसऱ्याची आली.’ आणि दुसरं पाकीट दिलं. मुलगी बाहेर आली, तिनं कॉपी पाहिली आणि तिथंच तिला डोकं टेकवलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. नंतर ती मला म्हणाली, ‘बाई, मायले चांगलं केलं तुमी,’ आणि मी हो म्हटलं. मग एसटीत बसून नागपूरपर्यंत रडले, आता लाज कसली.

लग्न झालं. ती कॉपी सासरी गेली असेल. दत्तूभाऊ असते तर म्हणाले असते, ‘तोंड नाही उघडलं ना तू? मले मालूमच होतं.’ त्यांना उत्तर द्यायला मला दुसरा मार्ग सुचला नाही म्हणून हे लिहिलं. पोरी, तुझं नाव किंवा गाव मी इथं लिहिलेलं नाही, पण फोटोच्या मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का आहे, तो पाहशील तर तुला कळेल हे कोणासाठी आहे. राग आला तर येऊन मला चार शिव्या घाल, मी ऐकून घेईन. प्रिंट माझ्याजवळ आहे, घेऊन जा. मात्र माझ्या दारात उभी राहून, तो हातात घेतल्यावर, बापानं विचारलं ते तू विचारू नको. तेवढं माझ्यानं ऐकवणार नाही.